जोडातली चिठ्ठी

जयंत पोतनीसांच्या हातचा जोड पुन्हा उघडावा लागत नाही, हे वाक्य उज्जैनमध्ये सर्वांत जास्त वेळा कोणी म्हटलं असेल, तर ते स्वतः जयंत पोतनीसांनी. पण ते खोटं नव्हतं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं आणि त्यानंतर खासगी कंपनीत सहा वर्षं जमिनीखालच्या केबली जोडत आलेल्या या माणसाचा एकही जोड कधी निकामी झाला नव्हता. शहरात इतर बऱ्याच गोष्टी निकामी झाल्या, त्यांचा हिशेब पोतनीसांकडे नव्हता.

पोतनीस हे आडनाव शिंद्यांच्या दरबाराच्या काळातलं. पूर्वज खजिन्यावर होते. खजिना पुढे कुठे गेला ते घरात कुणालाही ठाऊक नव्हतं, पण कुठलीही वस्तू बंद करून, वर चिठ्ठी लावून ठेवायची सवय तेवढी वारसाहक्काने खाली आली. पोतनीसांच्या घरी डाळीच्या डब्यावर डाळ भरल्याची तारीख असते. फ्यूजच्या पेटीवर सूचना मराठीत आणि हिंदीत आहेत. दोन हजार वीसमध्ये खात्याने स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा ते दोन महिने घरी बसले आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी घरातली प्रत्येक वायर सरळ केली. शेवटी त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी, ज्या शाळेत गणित शिकवायच्या आणि त्यामुळे मोजकं बोलायच्या, हात टेकले. "कुठेतरी जा," त्या म्हणाल्या. पोतनीस शैलेंद्र परमार यांच्या इंटरनेटच्या कंपनीत गेले.

तिथे तांब्याच्या जागी काच आली. केसाएवढी बारीक काच, एकेका केबलीत चोवीस तारा. पोतनीसांनी पंधरा दिवसांत ते काम असं उचललं की शिकवायला आलेला माणूस चौथ्या दिवशी त्यांनाच शंका विचारू लागला.

फायबरचा जोड दिसायला सोपा असतो. आवरण सोलायचं, आतलं चिकट जेल पुसायचं, काच स्पिरिटने साफ करायची, टोक अगदी काटकोनात कापायचं. मग मशीन दोन टोकांना समोरासमोर आणतं, मध्ये ठिणगी पडते आणि काच काचेत विरघळते. त्यावर एक छोटी नळी चढवून तापवायची, सगळ्या तारा ट्रेमध्ये हलक्या हाताने गोल बसवायच्या आणि डबा बंद. हे सगळं कुणीही करतो. पोतनीस ज्या पद्धतीने करत ती मात्र सोबतच्यांच्या पाचवीला पुजलेली होती. काच साफ झाली की तीन हातांच्या आत कुणी बोलायचं नाही, कारण श्वासात वाफ असते. साफ केलेली काच चुकून टेबलाला टेकली, तर पुन्हा सोलायची. कापलेले तुकडे चिकटपट्टीवर लावायचे आणि मोजायचे. अठ्ठेचाळीस भरले नाहीत, तर सगळ्यांनी खाली बसून शोधायचे. जोडात प्रकाशाची पाच शतांशांपर्यंत तूट आली तरी कंपनीला चालायची. पोतनीसांना दोनच्या वर चालत नसे. ते कापून परत जोडत. शैलेंद्र एकदा म्हणाले होते, "दादा, ये जोड़ है कि अनुष्ठान?" पोतनीसांनी उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी काच साफ झालेली होती.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे लूप. प्रत्येक जोडापाशी ते दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर केबल जास्तीची सोडत आणि तिची वेटोळी रस्त्याखालच्या चेंबरमध्ये नीट बांधून ठेवत. नकाशात दहा मीटर लिहिलेले असत. "इतनी केबल में तो देवास पहुँच जाते," शैलेंद्र म्हणत. पोतनीसांचं म्हणणं एवढंच की जमीन खेचते. रस्ता खोदला जातो, रोलर फिरतो, पाइप सरकतो. लूप असेल तर लूप थोडा सैल होतो आणि भागतं. लूप नसेल तर काच सैल होत नाही, तुटते. शिवाय पुढे कधी जोड दुरुस्त करायचा झाला तर केबल वर टेबलापर्यंत यायला हवी, माणसाने खड्ड्यात उलटं लटकून काम करायला तो काही वटवाघूळ नाही.

आणि शेवटी चिठ्ठी. डबा बंद करण्याआधी ते प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद ठेवत. जोड क्रमांक, तारीख, हवा, लूप किती, खाली सही. संध्याकाळी घरी गेल्यावर तेच सगळं डायरीत. डायरीत काय लिहायचं हे ठरलेलं होतं, त्यामुळे हात आपोआप चालायचा. ही आपोआप चालायची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे महागात पडणार आहे.

आता पोतनीसांच्या आयुष्यात एकच इच्छा उरली होती, ती म्हणजे चौथा सिंहस्थ. ब्याण्णवचा सिंहस्थ त्यांनी तांब्याच्या केबलीवर काढला, दोन हजार चारचाही तसाच, सोळाचा अर्धा तांब्यावर आणि अर्धा काचेवर. तिन्ही वेळा वर लाखो लोक क्षिप्रेत स्नान करत होते आणि पोतनीस रामघाटाजवळच्या कुठल्या ना कुठल्या चेंबरमध्ये गुडघाभर पाण्यात उभे होते. पर्वणीला ओले झालो ही त्यांच्या मते स्नानाची व्याख्या पुरी करणारी गोष्ट होती. आता अठ्ठावीसचा सिंहस्थ येत होता. रामघाटापासून वरच्या रस्त्यापर्यंत कॅमेऱ्यांसाठी नवी केबल पडणार होती, शहाण्णव जोड. कंपनीला ते काम मिळालं होतं आणि शैलेंद्रांनी तोंडी सांगितलं होतं की सगळे जोड दादांच्या देखरेखीखाली होतील. पोतनीस एकसष्ट वर्षांचे होते. त्यानंतरचा सिंहस्थ चाळीस साली. त्या वेळी आपण पंचाहत्तरीचे असू आणि आपल्याला कुणी चेंबरमध्ये उतरू देणार नाही, हा हिशेब त्यांनी केलेला होता.

मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता भैरवगढ भागाचं नेट गेलं.

पोतनीस स्कूटरवरून ऑफिसात पोचले तेव्हा मृणाल साठे मीटर लावून बसली होती. मृणाल कंपनीची इंजिनिअर. वडील रेल्वेत, बदल्या होत होत भुसावळहून उज्जैनला स्थिरावलेले. मराठी इतकी स्वच्छ बोलायची की पोतनीसांना तिच्यासमोर आपली मराठी धुवायला टाकावीशी वाटे. म्हणून ते तिला मॅडम म्हणत. मीटर केबलीत प्रकाश सोडतं, प्रकाश तुटलेल्या जागी आपटून परत येतो आणि किती लांब जाऊन आला ते पडद्यावर उमटतं.

"काका, पाच हजार तीनशे साठ मीटर," मृणाल म्हणाली. "तुमचा सहावा जोड रस्त्याने पाच हजार दोनशेवर आहे. पण केबल रस्त्यापेक्षा लांब असणार. लूप किती धरू?"

पोतनीसांनी पिशवीतून डायरी काढली. हा प्रश्न त्यांना विचारला जावा यासाठीच जणू ते इतकी वर्षं डायरी लिहीत होते. "प्रत्येक जोडापाशी चाळीस, मॅडम. सहाव्याच्या आधी पाच जोड होऊन गेले. दोनशे वजा करा."

"पाच हजार एकशे साठ. म्हणजे सहाव्या जोडाच्या चाळीस मीटर अलीकडे."

"अलीकडे," पोतनीस म्हणाले आणि डायरी मिटली.

शैलेंद्र मागे उभे होते. त्यांना मराठी समजायची, बोलायला मात्र ते घाबरत. "दादा, साफ बता दो. जोड़ में तो नहीं है?"

"मेरे जोड़ में नहीं है."

"नहीं, इसलिए पूछ रहा हूँ कि रामघाट की फाइल आज शाम को जानी है. जोड़ में निकला तो फिर मुझे इंदौर वाली टीम लिखनी पड़ेगी. ऊपर से पूछेंगे तो मैं क्या मुँह दिखाऊँगा?"

"लिख दो मेरा नाम," पोतनीस म्हणाले.

शैलेंद्रांनी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं.

भैरवगढच्या रस्त्याचं गेल्या वर्षी रुंदीकरण झालं होतं. सिंहस्थाच्या नावाखाली शहरात जे जे रुंद होण्यासारखं होतं ते सगळं रुंद होत होतं. त्यात सहाव्या जोडाच्या चेंबरचं झाकण नव्या डांबराखाली गेलं. ते उघडायचं तर डांबर कापायला परवानगी लागणार. चाळीस मीटर अलीकडची जागा मात्र रस्त्याच्या कडेला, मोकळी होती. मोकळी म्हणजे सरकारच्या दृष्टीने. प्रत्यक्षात तिथे अरविंद छीपा यांचे छापलेले कपडे वाळत होते. भैरवगढमध्ये जिथे ऊन पडतं तिथे कापड असतं. लाल आणि काळ्या ठशांच्या चादरी, एकीला एक लागून.

मजूर कुदळी घेऊन उभे राहिले तेव्हा अरविंदजी बाहेर आले. त्यांचंही नेट बंद होतं आणि तीन वाजता जयपूरचा एक व्यापारी फोनवर माल पाहणार होता, म्हणून ते फार भांडले नाहीत. "कितना खोदोगे?"

"दो हाथ," पोतनीस म्हणाले. "हमारा हिसाब पक्का है."

अरविंदजींनी चादरी उचलून घेतल्या. ओल्या चादरी घेऊन ते पायरीवर बसले आणि पक्का हिशेब खोदला जाताना पाहू लागले.

दोन हातांवर पाइप लागला. पाइप धडधाकट होता. मजुरांनी उजवीकडे खणलं. तिथेही धडधाकट. डावीकडे खणलं. साडेअकरापर्यंत अकरा मीटरचा चर झाला होता. त्यात केबलीचा पाइप असा पडून होता जणू काल कुणी तेल लावून ठेवलाय. खालून निघालेली पिवळी माती अरविंदजींच्या वाळवणाच्या सगळ्या जागेवर पसरली होती.

"नेट भी गया, ज़मीन भी गई," अरविंदजी म्हणाले. ते रागावले नव्हते, नुसती नोंद करत होते. पोतनीसांना ते जास्त लागलं.

मृणाल चराच्या काठावर मीटर मांडीवर घेऊन बसली होती. शैलेंद्रांचा फोन आला. उन्हात फोनचा पडदा दिसेना म्हणून तिने स्पीकर लावला, ही तिची चूक.

"मैडम, मशीन चलाना आता है कि नहीं?" फोन म्हणाला. "ग्यारह मीटर खोद दिया! कोर्स करवाया था ना आपको?"

"देखती हूँ सर. फिर से देखती हूँ."

तिने फोन ठेवला. तिचं नाक लाल झालं होतं. "काका, या काचेचा एक आकडा मीटरमध्ये भरावा लागतो," ती म्हणाली. "तो केबलीच्या ड्रमवर लिहिलेला असतो. मीच चुकीचा भरला असणार. पाच किलोमीटरवर एवढ्याशा चुकीने चाळीस-पन्नास मीटर सहज हलतात. तुमच्या डायरीत ड्रमचा नंबर असेल ना? बघून सांगता? मग पलीकडे आणखी थोडं खणू."

पलीकडे म्हणजे अरविंदजींची उरलेली जागा. पोतनीसांनी डायरी उघडली. ड्रमचा नंबर जोडाच्या नोंदीत असतो, म्हणून त्यांनी पाचव्या आणि सहाव्या जोडाचं पान काढलं. नंबर होता. त्याच्या वर तारीखही होती. तीस नोव्हेंबर दोन हजार एकवीस, हवा कोरडी, जोड पाच, लूप चाळीस. तीस नोव्हेंबर, हवा कोरडी, जोड सहा, लूप चाळीस.

ही तारीख पोतनीस रोज पाहत होते. त्यांच्या घरी टीव्हीच्या वर एक फोटो आहे. मागे शाळेचा फलक, 'श्रीमती मंगला पोतनीस सेवानिवृत्ति समारोह', खाली तारीख. मंगलाताई मधोमध शाल घेऊन बसलेल्या आणि दुसऱ्या रांगेत, हातात समोशाची बशी धरलेले जयंत पोतनीस. छत्तीस वर्षांच्या संसारात मंगलाताईंच्या कुठल्याही कार्यक्रमाला पोतनीस वेळेवर पोचले, असा हा एकमेव पुरावा. मुलीच्या बारशाला ते उशिरा आले होते, कारण पाऊस पडून फ्रीगंजचं चेंबर पाण्याने भरलं होतं. मंगलाताईंच्या वडिलांच्या तेराव्याला तर ते चौदाव्या दिवशी पोचले. समारंभ चार वाजता होता. पोतनीस तीन वाजून पन्नास मिनिटांनी सभागृहात होते आणि मंगलाताई स्टेजवरून त्यांच्याकडे अशा पाहत होत्या की जणू खुर्चीत त्यांच्याऐवजी कुणी दुसरंच बसलंय.

पोतनीस एका दिवसात एकच जोड करत. त्या दिवशी दोन होते. दोन्ही जोडांच्या तारांत तसूभर कसूर नव्हती, हे त्यांना आत्ताही शपथेवर सांगता आलं असतं. पण दोनदा चाळीस मीटर केबल ओढून, वेटोळी घालून बांधायला अडीच तास लागतात, आणि ते अडीच तास त्यांनी त्या दिवशी मंगलाताईंना दिले. नंतर लूप घालू, असं म्हणून डबे बंद केले होते. चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळीच लिहून खिशात ठेवलेल्या, तशाच आत टाकल्या. घरी आल्यावर डायरी लिहिताना हात आपोआप चालला. चाळीस. चाळीस. आणि त्यानंतर ते खरोखर विसरले. तोंडात मारल्यासारखे ते त्या पानाकडे पाहत उभे राहिले.

आता नीट पाहिलं तर पोतनीसांना काहीच बोलायची गरज नव्हती. डायरीत चाळीस होते. जमिनीखाली डब्यात असलेल्या चिठ्ठीतही चाळीस होते. मीटरचा आकडा चुकला असं इंजिनिअर स्वतःच म्हणत होती. आणखी दोन-तीन चर झाले असते, संध्याकाळ झाली असती, फाइल गेली असती. पुढे कधीतरी डांबर कापून डबा उघडला असता तेव्हा रोलरने सगळं ओढून नेलं म्हणता आलं असतं. हे सगळं पोतनीसांच्या डोक्यात आलं. ते सज्जन होते म्हणून आलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं व्यवस्थित आलं, आणि घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत तिथे टिकलं.

मग मृणालने मजुरांना पलीकडे खूण केली आणि अरविंदजी आपण होऊन उरलेल्या चादरी उचलू लागले.

"अगं मृणाल," पोतनीस म्हणाले.

तिने वर पाहिलं. सहा वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

"तुझं मीटर बरोबर आहे. माझी डायरी खोटी आहे. पाचव्यापाशी लूप नाहीये. सहाव्यापाशीपण नाही. दोनशे नको, एकशे साठ वजा कर."

मृणालने वजा केलं. खरं तर करायची गरज नव्हती. पाच हजार दोनशे. दोघांनी चाळीस मीटर पुढे, डांबराकडे पाहिलं.

"लूप का नाही काका?"

"मी नाही टाकला."

"पण डायरीत..."

"लिहून टाकला. सवयीने. मला आत्ता तारीख बघून याद आलं." त्यांनी डायरी मिटली. "शैलेंद्रला फोन लाव. स्पीकरवर लाव."

 शैलेंद्रांनी, "दादा, आप?" एवढंच विचारलं. पोतनीस म्हणाले, "मैं ही. मैडम की मशीन ठीक है." मग शैलेंद्रांनी डांबर कापायच्या परवानगीसाठी दुसरा फोन लावायला हा फोन ठेवला. पोतनीसांनी मजुरांच्या हातची एक कुदळ घेतली आणि अरविंदजींच्या जागेवरची माती चरात परत ओढू लागले. अरविंदजींनी थोडा वेळ पाहिलं, मग ते आतून फावडं घेऊन आले. तीन वाजता जयपूरच्या व्यापाऱ्याला त्यांनी मोबाइलच्या नेटवरून माल दाखवायचा प्रयत्न केला. व्यापाऱ्याला लाल रंग तपकिरी दिसला. तो उद्या बघू म्हणाला.

परवानगी मिळून झाकण मात्र एक वाजताच उघडलं होतं. आतली केबल एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत वाळवणाच्या दोरीसारखी ताणलेली होती. रस्ता करताना पाइप हातभर सरकला होता. लूप असता तर तो हातभर सैल झाला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पोतनीसांनी डबा उघडला. तेरा तारा तुटल्या होत्या. जोडाच्या जागी एकही नाही, सगळ्या जोडाच्या शेजारी. त्यांचा जोड उघडा पडला नव्हता, फक्त त्याच्या आजूबाजूला काही उरलं नव्हतं. मृणालने पाकिटातली चिठ्ठी काढून वाचली. लूप चाळीस मीटर. जयंत पोतनीस. तिने ती त्यांच्या हातात दिली आणि दुसरीकडे पाहू लागली. पोतनीसांना फार लाज वाटली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, चेंबरच्या तोंडाशी, गुडघ्यांवर बसून, मुलीच्या वयाच्या इंजिनिअरसमोर.

ढील नसल्यामुळे मध्ये नवा तुकडा घालावा लागला. म्हणजे एका जोडाच्या जागी दोन जोड. चोवीस तारा दोनदा, शहाण्णव तुकडे. मृणाल साफ करत होती, पोतनीस जोडत होते, तीन हातांच्या आत कुणी बोललं नाही. प्रत्येक तार दोन शतांशाच्या आत आली. एक तीनवर गेली, ती त्यांनी कापून परत जोडली, जरी शैलेंद्र तोवर येऊन वर उभे होते आणि भैरवगढ अजून बंद होतं. लूप टाकताना पोतनीसांनी टेपचं एक टोक मृणालच्या हातात दिलं. "मोज," ते म्हणाले. नव्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या सहीखाली तिची सही झाली. पाचव्या जोडाचं चेंबर उद्या उघडायचं ठरलं. सहाला दहा मिनिटं असताना नेट आलं.

शैलेंद्रांनी पोतनीसांना गाडीपर्यंत सोडलं. "दादा, कल से बाकी काम जैसा है वैसा ही," ते म्हणाले. "पर रामघाट..."

"इंदौर वालों को लिख दो," पोतनीस म्हणाले.

"लिख दिया," शैलेंद्र म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं, त्यामुळे पोतनीसांना आणखी वाईट वाटलं.

स्कूटरवरून घरी येताना ते नेहमीचा रस्ता सोडून रामघाटावरून आले. का आले ते त्यांना माहीत नव्हतं. आरतीची वेळ होत होती, फुलवाले, पंडे, रिक्षा, सगळं रोजच्यासारखं. पायऱ्यांच्या वर केबलीसाठी चुन्याच्या खुणा मारलेल्या होत्या. पोतनीसांनी स्कूटरवर बसल्या बसल्या खुणा मोजल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला.

घरी मंगलाताई भाजी निवडत होत्या. पोतनीसांनी हात धुतले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मीटरच्या आकड्यापासून. मंगलाताईंनी मध्ये एकदाच विचारलं, "दोनशेमधून चाळीस जाऊन एकशे साठ, बरोबर," आणि ते विचारणं नव्हतंच. तारखेपाशी आल्यावर पोतनीस थांबले. टीव्हीच्या वरच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. मंगलाताईंनी पाहिलं.

"मला वाटलं होतं, त्या दिवशी काम लवकर संपलं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं संपलं."

"मी चार बायकांना सांगितलं होतं. की आमचे हे काम टाकून यायचे नाहीत, संपवूनच आले असणार."

 पोतनीसांनी दिवसभर डोक्यात फिरत असलेली गोष्ट विचारली. "मी उशिरा आलो असतो, तर तुला चाललं असतं? नेहमी चालायचं, म्हणून विचारतो."

मंगलाताईंनी निवडलेली मेथी बाजूला ठेवली. त्यांनी विचार केला, गणिताच्या शिक्षिकेने करावा तसा, पायरी न गाळता.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसतं चाललं. नेहमीही नाही चालायचं."

हे त्यांनी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं होतं. पोतनीस खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी डायरी काढली, एकवीस सालची, नोव्हेंबरचं पान. दोन्ही चाळीस खोडून तिथे शून्य लिहिलं, शेजारी आजची तारीख आणि सही. हवेच्या रकान्यात कोरडी असं होतं ते राहू दिलं. शेऱ्याच्या रकान्यात, जो नेहमी रिकामा असायचा, लिहिलं: मंगलाच्या कार्यक्रमाला वेळेवर पोचलो.

मंगलाताई खांद्यावरून वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्या ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "तीन सिंहस्थांत मी स्नानाला एकटी गेले. तिन्ही वेळा तुम्ही तिथेच होते, माझ्या पायाखाली. आता या वेळी काम नाही तर चला माझ्याबरोबर."

पोतनीसांनी टोपण काढलेलं पेन तसंच हातात ठेवलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अजून दोन वर्षं आहेत," मंगलाताई म्हणाल्या. "आधी जेवून घ्या."

पोतनीसांनी स्नानाचं ते आधी डायरीत लिहून घेतलं, मग जेवले.